डिस्प्ले केबल किती लांब घ्यावी? आधी सुतळी, मग खरेदी

नवा मॉनिटर आर्म, म्हणजे मॉनिटर पुढे-मागे, वर-खाली करता येणारा हलता हात, बसवला त्या संध्याकाळची गोष्ट. मॉनिटर टेबलाच्या मागच्या कडेला होता तोवर सगळं ठीक चाललं होतं. खुर्चीत बसून हौसेने तो पुढे ओढला आणि अर्ध्या वाटेतच पडदा काळा झाला. मागे वाकून पाहिलं तर मॉनिटरला चित्र नेणारी दीड मीटरची डिस्प्लेपोर्ट केबल तारेसारखी ताठ झालेली, आणि ग्राफिक्स कार्डाच्या बाजूचा तिचा प्लग तिरका. नशीब, पोर्ट वाचलं. दुसऱ्या दिवशी रागाच्या भरात ५ मीटरची केबल आणली. म्हटलं, आता कटकटच नको. कटकट आलीच, फक्त वेगळ्या दाराने. मॉनिटर २४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २४० वेळा चित्र बदलणारा, पण सेटिंग्जच्या यादीत १४४च्या वरचा आकडाच दिसेना.

दोन्ही वेळा लांबी मी नजरेने ठरवली होती. केबल आखूड पडली तर पोर्टवर ताण येतो, हे कुणालाही कळतं. पण गरजेपेक्षा लांब घेतली तरी नुकसान होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ‘असू दे जरा लांब, कामाला येईल’ हा हिशोब एक्स्टेन्शन बोर्डाला चालतो, डिस्प्ले केबलला चालत नाही. नीट मोजायला अर्धा तास लागतो. तो कसा घालवायचा ते सांगतो.

सामान आधी जागेवर लावा

केबल सगळ्यात शेवटी घ्यायची. टेबल कुठे, संगणकाचं कॅबिनेट जमिनीवर की टेबलावर, डावीकडे की उजवीकडे, मॉनिटर स्वतःच्या स्टँडवर की आर्मवर, हे ठरल्याशिवाय मापाला अर्थ नाही. नवं टेबल मांडताना लोक मॉनिटरची जागा विचारपूर्वक निवडतात आणि कॅबिनेट उरलेल्या कोपऱ्यात ढकलतात. दोन मॉनिटर असतील तर याची किंमत मोजावी लागते. ज्या मॉनिटरवर गेम खेळता, म्हणजे ज्याचा रिफ्रेश रेट (हर्ट्झचा आकडा) जास्त आहे, त्याच्या बाजूला कॅबिनेट ठेवा. त्याला आखूड केबल मिळू द्या. बाजूचा साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर ३ मीटरच्या केबलवरही कुरकुर न करता चालतो.

जागा ठरली की दोन्ही टोकांची पोर्टं नक्की करा. कॅबिनेटच्या मागे वरच्या भागात यूएसबी आणि नेटवर्कच्या पोर्टांसोबत एक एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट दिसतं, ते मदरबोर्डचं. ग्राफिक्स कार्डाची पोर्टं बहुतेक कॅबिनेटांत त्याच्या खाली, आडव्या ओळीत असतात. केबल तिथे लावायची आणि मापही तिथूनच घ्यायचं. मॉनिटरच्या बाजूला पुस्तिका उघडून पाहा. कित्येक मॉनिटरांचा पूर्ण रिफ्रेश रेट फक्त डिस्प्लेपोर्टवर मिळतो आणि एचडीएमआयवर तो खाली येतो. अशा वेळी केबल कितीही चांगली आणली तरी उपयोग नाही.

सुतळीने मोजा

मेजरिंग टेप हातात घेऊन कॅबिनेटपासून मॉनिटरपर्यंत सरळ अंतर मोजलं की फसगत ठरलेली. केबल सरळ जात नसते. ती खाली उतरते, टेबलाखालच्या केबलच्या ट्रेमधून आडवी जाते, टेबलाच्या भोकातून वर येते, आर्मच्या अंगाने चढते आणि शेवटी मॉनिटरच्या पाठीवरच्या खोबणीत खालून वर घुसते. ही सगळी वाट मोजायला सुतळी हवी.

सुतळी जरा जाडच घ्या. बारीक दोरा कोपऱ्यात काटकोनात वळतो, केबल तशी वळत नाही, त्यामुळे दोऱ्याचं माप कमी येतं. लोकर तर नकोच, ती ताणली की लांबते.

एक टोक चिकटपट्टीने ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टाजवळ चिकटवा. आता केबल जाईल त्याच वाटेने सुतळी न्या. ट्रे असेल तर ट्रेमध्ये टाका, आर्मच्या क्लिपा असतील तर त्यांतून ओवा. मॉनिटर आर्मवर असेल तर तो आधी सगळ्यात दूरच्या जागी न्या: पूर्ण पुढे ओढलेला, कॅबिनेटच्या विरुद्ध बाजूला वळवलेला, जितका वर जातो तितका वर. तुम्ही मॉनिटर कधी उभा करून वापरत असाल तर तसा फिरवूनही बघा. २७ इंची मॉनिटर सुमारे ६० सेंटिमीटर रुंद आणि ३४ सेंटिमीटर उंच असतो. तो उभा केला की खाली तोंड करून असलेली पोर्टं एका बाजूला जातात आणि वाट वीतभर वाढू शकते. सुतळी मॉनिटरच्या पोर्टाशी पोचली की तिथे पेनाने खूण करा, सुतळी काढा आणि जमिनीवर सरळ पसरून टेपने मोजा.

माझ्या टेबलावर हे असं निघालं. कॅबिनेट जमिनीवर, टेबलाच्या उजव्या पायाशी. कार्डाच्या पोर्टापासून वर ट्रेपर्यंत ४५ सेंटिमीटर. ट्रेमधून टेबलाच्या मध्यापर्यंत ७०. ट्रेमधून बाहेर पडून टेबलाच्या मागच्या कडेवरून आर्मच्या बुडाशी यायला २०. आर्मच्या खांबावर ३०, त्याच्या दोन हातांवर मिळून ५०, आणि शेवटच्या सांध्यापासून मॉनिटरच्या पोर्टापर्यंत २०. एकूण २३५ सेंटिमीटर. सरळ अंतर मोजलं असतं तर ११०च्या आसपास आलं असतं. म्हणजे ‘दीड मीटर भरपूर झाली’ असं मला का वाटलं होतं तेही कळलं, आणि ती ताठ का झाली तेही.

ढील किती ठेवायची

२३५ आलं म्हणून २३५ पुरत नाही. हातचं राखून ठेवावं लागतं, फक्त कुठे आणि किती ते समजून.

पहिली ढील दोन्ही टोकांना. प्लग आणि त्यामागचा कडक गळा मिळून चार-पाच सेंटिमीटर सरळ बाहेर येतात, त्यानंतरच केबल वळू लागते. तिथे तिला सैल कमान हवी. वळण किती घट्ट चालेल याचा माझा साधा आडाखा असा: वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या आठ-दहा पटींपेक्षा कमी नसावी. केबल ७ मिलिमीटर जाड असेल तर ६ ते ७ सेंटिमीटर. प्रत्येक टोकाला १० सेंटिमीटर धरले की हे भागतं. कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवायची सवय असेल तर ती याच कारणासाठी सोडा. मागे निदान वीतभर जागा नसेल तर केबल प्लगपाशीच मोडल्यासारखी वळते, आणि आतल्या तारा तिथेच दगा देतात.

दुसरी ढील आर्मच्या सांध्यांवर. सांधा वळतो तेव्हा केबलला वळायला छोटी कमान लागते. दर सांध्याला ५ सेंटिमीटर पुरतात. मॉनिटर स्वतःच्या स्टँडवर स्थिर असेल तर ही ढील लागत नाही, फक्त उंची बदलण्यापुरती १०-१५ सेंटिमीटर ठेवा.

तिसरी ढील लोक विसरतात: कॅबिनेट बाहेर ओढण्यापुरती. धूळ झाडायला किंवा मागे एखादा पेनड्राइव्ह लावायला कॅबिनेट थोडं पुढे सरकवावंच लागतं. डिस्प्लेपोर्टच्या बहुतेक प्लगांना वर दाबायची कळ असते. ती दाबल्याशिवाय प्लग निघत नाही. केबल आखूड आणि कॅबिनेट भिंतीशी, अशा वेळी ती कळ चाचपडत बोटं सोलून घेतलेले लोक मला माहीत आहेत, त्यातला एक मीच. एरवी इथे ३० सेंटिमीटर सोडावेत. पण त्यामुळे केबल पुढच्या मापात ढकलली जात असेल तर सोडू नका. त्यापेक्षा साफसफाईच्या दिवशी केबल काढा.

माझ्या २३५मध्ये टोकांचे २० आणि दोन सांध्यांचे १० मिळवले की २६५ होतात. बाजारात केबल साधारण १, १.५, १.८, २, ३ आणि ५ मीटर अशा मापांत मिळते. २६५च्या वरचं सगळ्यात जवळचं माप ३ मीटर. उरलेल्या ३५ सेंटिमीटरांत कॅबिनेट ओढायची सोयही झाली. नियम एवढाच: ढीलीसकट आलेल्या आकड्याच्या लगेच वरचं माप घ्यायचं, त्याच्याही वरचं नाही.

टेबल वर-खाली होत असेल तर

उभं राहून खेळता येईल अशा टेबलांत गणित एका प्रश्नावर फिरतं: कॅबिनेट टेबलासोबत वर जातं का? टेबलावर ठेवलं असेल किंवा टेबलाखाली ब्रॅकेटने टांगलं असेल, तर कॅबिनेट आणि मॉनिटर यांच्यातलं अंतर बदलतच नाही. स्थिर टेबलासारखंच मोजा. डिस्प्ले केबलची काळजी मिटते, फक्त भिंतीतल्या सॉकेटकडे जाणारी विजेची वायर लांब लागते.

कॅबिनेट जमिनीवर राहणार असेल तर टेबल सगळ्यात वरच्या उंचीला नेऊन सुतळी लावा. अशी टेबलं ५०-६० सेंटिमीटर सहज चढतात, आणि तेवढी केबल वाढते. मग टेबल खाली आणल्यावर हीच वाढीव केबल मागे लोंबते. ती खुर्चीच्या चाकाखाली किंवा टेबलाच्या आडव्या पट्टीत अडकू नये म्हणून साखळीसारखी कडी-कडीची केबल नळी मिळते, तिच्यातून न्या. माझं मत विचाराल तर अशा टेबलाला कॅबिनेट वरच चढवावं. ६० सेंटिमीटर केबल वाचली की बहुधा ३ मीटरऐवजी २ मीटरवर भागतं, आणि का भागवावं ते आता येतंच आहे.

लांबी सिग्नलला का नडते

आधी एक गैरसमज बाजूला करू. केबल लांब असली तर गेममध्ये लॅग येतो, म्हणजे चित्र उशिरा पोचतं, असं मानणारे भेटतात. तांब्याच्या केबलमध्ये सिग्नलला एक मीटर जायला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात, ३ मीटरला १५. २४० हर्ट्झवर एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, ४.१७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे या उशिराच्या सुमारे पावणेतीन लाख पट. लांब केबलमुळे तुम्ही हरलात असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

खरा त्रास वेगळा आहे. तारेतून जाताना सिग्नल क्षीण होतो, आणि तो जितक्या वेगाने बदलणारा, तितका जास्त क्षीण होतो. फार वेगवान सिग्नल तारेच्या पूर्ण जाडीतून न जाता वरच्या पातळ थरातूनच वाहतो, त्यामुळे त्याला होणारा विरोध वाढतो. तारेभोवतीचं प्लॅस्टिकही त्यातली थोडी शक्ती खातं. म्हणून कमी वेगाला ५ मीटर बिनतक्रार चालणारी केबल जास्त वेगाला ३ मीटरवरच हात टेकते.

तुमचं चित्र किती जड आहे हे साध्या गुणाकाराने काढता येतं. रुंदी गुणिले उंची गुणिले रिफ्रेश रेट गुणिले २४, कारण नेहमीच्या रंगांना प्रत्येक पिक्सेलमागे २४ बिट लागतात. १९२० × १०८० ला १४४ हर्ट्झवर सेकंदाला ७.२ गिगाबिट. २५६० × १४४० ला १४४वर १२.७ आणि २४०वर २१.२. ३८४० × २१६० ला १४४वर २८.७. दोन फ्रेमांमधल्या मोकळ्या वेळेमुळे प्रत्यक्षात लागणारी क्षमता याहून दहा-पंधरा टक्क्यांनी जास्त धरावी. एचडीआरसाठी, म्हणजे उजेड-अंधाराचा पल्ला जास्त असलेल्या चित्रासाठी, १० बिट रंग लावले तर २४च्या जागी ३० घ्या.

आता माझ्या ५ मीटरच्या केबलचं काय झालं ते बघा. २०१६ साली आलेल्या डिस्प्लेपोर्ट १.४मध्ये चार मार्गिका असतात आणि प्रत्येक मार्गिका सेकंदाला जास्तीत जास्त ८.१ गिगाबिट वाहते. एकूण ३२.४, त्यातले चित्रासाठी २५.९२ उरतात. त्याच्या खालची पायरी दर मार्गिकेला ५.४, तिथे चित्रासाठी १७.२८ मिळतात. या दोहोंच्या मधे काही नाही. केबल लावल्यावर कार्ड आणि मॉनिटर आपसात चाचपणी करतात: वरच्या पायरीवर बिट नीट पोचतात का? नाही पोचले तर गुपचूप एक पायरी खाली. माझ्या २५६० × १४४०, २४० हर्ट्झला २४हून जास्त लागत होते, ते वरच्या पायरीत कसेबसे मावतात. ५ मीटरवर वरची पायरी टिकली नाही, १७.२८ उरले, आणि त्यात मॉनिटरकडचा १४४चाच पर्याय बसत होता. केबल ‘खराब’ नव्हती. २५६० × १४४०, १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला ती आजही इमानदारीने चालते आहे.

ताज्या मॉनिटरांत डीएससी नावाचं कॉम्प्रेशन असतं. डोळ्याला फरक कळणार नाही इतपत चित्र दाबून पाठवतात, म्हणून ३८४० × २१६०, १४४ हर्ट्झ डिस्प्लेपोर्ट १.४वरूनही चालतं. पण दाबलेलं चित्रसुद्धा केबलमधून बिनचूक पोचावं लागतं. डीएससी आहे म्हणून कितीही लांब केबल चालेल असं नाही.

खोक्यावर काय वाचायचं

‘८के’, ‘गेमिंग’, ‘सोन्याचा मुलामा’ हे शब्द सोडून द्या. ‘एचडीएमआय २.१ केबल’ हाही तसा सैल शब्दप्रयोग आहे. आवृत्तीचा आकडा उपकरणाच्या पोर्टासाठी असतो, केबलला वेगाची नावं असतात. २०१३च्या एचडीएमआय २.०साठी सेकंदाला १८ गिगाबिटची ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि २०१७च्या २.१साठी ४८ गिगाबिटची ‘अल्ट्रा हाय स्पीड’. २०२५च्या २.२सोबत ९६ गिगाबिटची ‘अल्ट्रा९६’ आली आहे. ‘अल्ट्रा हाय स्पीड’च्या अस्सल खोक्यावर क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्राचं लेबल असतं. एचडीएमआयच्या ॲपने ते स्कॅन करा. प्रमाणपत्र त्या केबलच्या त्या लांबीचं असतं. २ मीटरची पास झाली म्हणून त्याच मालिकेतली ५ मीटरची पास असेल असं धरू नका.

डिस्प्लेपोर्टचं काम व्हेसा ही संस्था पाहते, तीच जिच्या नावाने मॉनिटरच्या पाठीवरची स्क्रूची भोकं ओळखली जातात. १.४च्या पूर्ण वेगासाठी ‘डीपी८के’ असा शिक्का शोधा. २०२२च्या डिस्प्लेपोर्ट २.१साठी डीपी४० आणि डीपी८० या केबली आल्या, आणि २०२४मध्ये डीपी४०ची जागा डीपी५४ने घेतली. डीपी५४ साधी तांब्याची केबल म्हणून २ मीटरपर्यंत ५४ गिगाबिट नेते. ८० गिगाबिटची डीपी८० मात्र साधी असेल तर सुमारे १ मीटरवरच थांबते. म्हणून २०२५मध्ये डीपी८०एलएल हा नवा प्रकार आणावा लागला, ज्यात केबलच्या आतच सिग्नल सावरायची सोय असते आणि लांबी ३ मीटरपर्यंत जाते. डिस्प्लेपोर्ट २.१चा महागडा मॉनिटर घेऊन कॅबिनेट खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा बेत असेल, तर हे आकडे मॉनिटर घेण्याआधी वाचलेले बरे.

तारेची जाडीही पाहा. ती एडब्ल्यूजी या मापात लिहिलेली असते; त्याचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड. ३ मीटरला ३२पेक्षा २८ बरी. पण जाड तारेची केबल कडक असते, आणि आर्मच्या चिमुकल्या क्लिपांत ती बसता बसत नाही. लांबी वाढली की जाडी वाढते, जाडी वाढली की वळण मोठं लागतं, आणि वळणासाठी पुन्हा लांबी. म्हणूनच कॅबिनेट जवळ आणणं हा उपाय मला महागड्या केबलपेक्षा आवडतो.

मग किती मीटर?

डिस्प्लेपोर्ट १.४ किंवा ‘अल्ट्रा हाय स्पीड’ एचडीएमआय असेल तर २ मीटरपर्यंत प्रमाणित केबल डोळे झाकून घ्या. ३ मीटर हीही चालण्यासारखी लांबी आहे, पण तिथे प्रमाणपत्र हवंच आणि परत करायची सोय असलेल्या ठिकाणाहूनच घ्या. ५ मीटर साधी तांब्याची केबल मी फक्त हलक्या चित्राला लावीन, म्हणजे १९२० × १०८०, फार तर २५६० × १४४० आणि १४४ हर्ट्झपर्यंत.

त्यापलीकडे जायचं तर ॲक्टिव्ह (आतच सिग्नल सावरायची सोय असलेली) किंवा ऑप्टिकल केबल. ऑप्टिकलमध्ये सिग्नल काचेच्या तंतूतून प्रकाशाने जातो, त्यामुळे १०-२० मीटरही जड वाटत नाहीत, आणि केबल सडपातळ राहते. मात्र ती एकाच दिशेने चालते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. ‘सोर्स’ कार्डाकडे. भिंतीतल्या पाइपातून ओवण्याआधी जमिनीवर पसरून लावून पाहा, उलटी ओवलेली केबल परत काढताना वेळ आणि तोंडची भाषा दोन्ही बिघडतात.

आखूड केबलला जोड लावून लांबवणं टाळा. १.५ मीटरच्या दोन केबली जोडून ३ मीटरच्या एका केबलची बरोबरी होत नाही, कारण प्रत्येक सांध्यावर सिग्नल थोडा परत फिरतो. काटकोनी ॲडॅप्टरही असाच एक सांधा. जागा कमी असेल तर ज्या केबलचा प्लगच काटकोनी आहे ती घ्या, पण तो कुठल्या बाजूला वळतो ते मॉनिटरच्या पाठीशी ताडून पाहिल्यावर.

लॅपटॉप यूएसबी-सीने मॉनिटरला जोडणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा की फोनसोबत आलेल्या कित्येक चार्जिंग केबलींतून चित्र जातच नाही. ४० गिगाबिटची साधी यूएसबी-सी केबल साधारण ०.८ मीटरचीच मिळते. लॅपटॉप मॉनिटरच्या जवळ ठेवायची तयारी हवी.

बांधण्याआधी चाचणी

नवी केबल आली की ट्रेमध्ये घालू नका. कार्डापासून मॉनिटरपर्यंत नुसती लोंबती लावा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन पूर्ण रिफ्रेश रेट निवडा. यादीत तो दिसतो का? दिसला तर तासभर जड गेम चालवा. मधेच संगणक झोपवून पुन्हा उठवा, कारण कार्ड आणि मॉनिटरची चाचपणी तेव्हा नव्याने होते आणि कच्ची केबल बहुधा तिथेच पकडली जाते. मग आर्म चारी दिशांना, पूर्ण टोकापर्यंत फिरवा.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. पडदा एक-दोन सेकंद काळा होऊन परत येतो. पांढरे किंवा रंगीत ठिपके चमकून जातात. रिफ्रेश रेट आपोआप उतरतो. असं काही दिसलं तर रिफ्रेश रेट एक पायरी खाली आणा. त्रास थांबला तर केबल त्या वेगाला पुरी पडत नाही. मग कुणाकडून तरी १ मीटरची चांगली केबल आणून कॅबिनेट उचलून मॉनिटरजवळ ठेवून पूर्ण वेगाला लावा. तीही अडखळली तर दोष केबलचा नसून पोर्टाचा किंवा ड्रायव्हरचा असण्याची शक्यता जास्त.

एक विचित्र लक्षण वेगळं ओळखून ठेवा. संगणक बंद असूनही आतला एखादा दिवा मंद जळत राहतो किंवा संगणक सुरूच व्हायला नकार देतो, आणि डिस्प्लेपोर्ट केबल काढली की सुरळीत होतो. काही हलक्या प्रतीच्या केबलींत २० नंबरची पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. ती जोडायची नसते. तिच्यावर ३.३ व्होल्ट असतात, आणि त्या वाटेने मॉनिटरकडची वीज कार्डात शिरते. अशी केबल परत करा.

आता बांधा

चाचणी पास झाली की मॉनिटरच्या टोकाकडून सुरुवात करा आणि उरलेली केबल कॅबिनेटकडे सरकवत न्या. म्हणजे सगळी शिल्लक ट्रेमध्ये एका जागी जमते. तिची सैल, मोठी गुंडाळी करून ठेवायला हरकत नाही. तिला पीळ देऊन मूठभर गाठोडं मात्र करू नका. प्लॅस्टिकचे झिप टाय कचकचून ओढले की केबल चेपते आणि आतल्या तारांच्या जोड्यांमधलं अंतर बिघडतं. वेल्क्रोच्या पट्ट्या वापरा, आणि त्याही अशा की खालून केबल बोटाने सरकवता यावी. आर्मच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना क्लिप लावा, सांध्यावर नको. शेवटी आर्म पुन्हा एकदा पूर्ण पुढे ओढा आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने मॉनिटरच्या पोर्टाजवळची केबल चाचपून बघा. ती बोटाने हलली पाहिजे. ताठ लागली तर ट्रेमधल्या गुंडाळीतून चार बोटं अजून सोडा.

दोन्ही टोकांना कागदी चिकटपट्टी गुंडाळून त्यावर लांबी आणि प्रकार लिहून ठेवा, ‘३ मी, डीपी८के’ असं. माझ्या खणात अशा चार काळ्या केबली आहेत. लिहिलेली एकच आहे, आणि दर वेळी हाताला तीच लागते.